खाज, आग, दुखणं आणि एचपीव्ही चाचणी: आधी काय करायचं आणि मग काय

स्त्रीरोग ओपीडीच्या बाहेर समुपदेशक म्हणून बसताना दोन तऱ्हेच्या मुली मला पुन्हा पुन्हा भेटतात. पहिली बावीस-तेवीस वर्षांची. योनीपाशी खाज आहे, म्हणून तिने लॅबचं पॅकेज घेतलं. त्यात एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरू शकणारा विषाणू) चाचणी होती आणि ती पॉझिटिव्ह आली. आता तिला वाटतंय की आपल्याला कॅन्सर होणार आणि खाज ही त्याचीच सुरुवात आहे. दुसरीचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे. तिला "सगळं नॉर्मल आहे" असं सांगून घरी पाठवलंय, पण आग तशीच आहे आणि लघवीला बसायचीही भीती वाटते.

दोघींच्या बाबतीत चूक एकच झाली. खाजेचं कारण शोधायला एचपीव्हीची चाचणी वापरली, आणि त्या चाचणीचं ते कामच नाही. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करायचे आहेत. हा लेख 18 ते 30 वयाच्या मुलींसाठी आहे. अठराच्या आतल्या मुलीने आई किंवा विश्वासातल्या मोठ्या बाईला घेऊन डॉक्टरांकडे जावं. त्या वयात एचपीव्ही चाचणीचा प्रश्नच येत नाही.

आधी हे पाहा: यातलं काही असेल तर लेख बाजूला ठेवा आणि आजच दवाखान्यात जा

- ओटीपोटात दुखतंय आणि ताप आहे.
- पाळी चुकली आहे आणि पोटात दुखतंय किंवा रक्त जातंय.
- पाण्याने भरलेले, खूप दुखणारे फोड आले आहेत किंवा लघवी अडकली आहे.
- जबरदस्ती झाली आहे. एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळीही जितकी लवकर घ्याल तितकी चांगली. असे उपचार मोफत देणं सरकारी आणि खाजगी दोन्ही रुग्णालयांवर कायद्याने बंधनकारक आहे. आधी पोलिसांत जाऊन या, असं त्यांना म्हणता येत नाही.

संबंधांनंतर रक्त जात असेल किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये डाग पडत असतील तर धावपळ नको, पण त्या आठवड्यातच दाखवा. अशा वेळी डॉक्टरांनी गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहणं गरजेचं असतं. एचपीव्हीचा रिपोर्ट काहीही असला तरी ही तपासणी टळत नाही.

टप्पा 1: दोन प्रश्न वेगळे करा

वहीच्या एका पानावर लिहा: "मला काय त्रास होतोय?" दुसऱ्या पानावर लिहा: "पुढे गर्भाशयमुखाचा कॅन्सर होऊ नये म्हणून मी काय करायचं?" पहिल्या पानाचं उत्तर तपासणीतून आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीतून मिळतं. दुसऱ्याचं उत्तर लस आणि योग्य वयातल्या चाचणीतून मिळतं.

एचपीव्हीचे 200 हून अधिक प्रकार आहेत. चाचणीत शोधतात ते साधारण 14 धोकादायक प्रकार. त्यांतल्या 16 आणि 18 या दोन प्रकारांमुळे गर्भाशयमुखाचे सुमारे 70 टक्के कॅन्सर होतात. हे प्रकार शरीरात असताना खाज येत नाही, आग होत नाही, पांढरं जात नाही, वास येत नाही. बाईला काहीच जाणवत नाही, आणि चाचणीची गरज पडते ती त्यामुळेच.

6 आणि 11 हे वेगळे प्रकार आहेत. त्यांनी चामखिळी येतात, पण कॅन्सर होत नाही. चामखीळ डॉक्टर डोळ्यांनीच ओळखतात. तिच्यासाठी रक्ताची किंवा एचपीव्हीची चाचणी लागत नाही.

संबंध सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हा विषाणू बहुतेकींना कधी ना कधी भेटतो. दहापैकी सुमारे नऊ जणींचं शरीर तो दोन वर्षांत स्वतःहून घालवून टाकतं. तो वर्षानुवर्षं टिकून राहिला तरच धोका असतो, आणि तिथून कॅन्सरपर्यंत पोहोचायला प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या बाईत साधारण 15 ते 20 वर्षं लागतात. बाविसाव्या वर्षीच्या पॉझिटिव्ह रिपोर्टमधून फारसं काही कळत नाही. त्याने झोप मात्र उडते, आणि कधीकधी नको ती प्रक्रियाही होते.

टप्पा 2: चौदा दिवस मलमं आणि धुणं थांबवा

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा वगळला जातो. माझ्या अनुभवात निम्म्या गोष्टी इथेच उलगडतात, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहिते.

काय काय लावलं जातं त्याची यादी करा. सुगंधी साबण, खास "त्या" जागेसाठी म्हणून विकलं जाणारं लिक्विड वॉश, जंतुनाशक घातलेलं पाणी, तुरटी, लिंबू, केस काढायची क्रीम, सुगंधी पॅड, रोजचे पँटीलायनर, ओले वाइप्स. यातल्या कशानेही त्या नाजूक कातडीला चुरचुर होऊ शकते. मग ती चुरचुर इन्फेक्शन समजून आणखी धुतलं जातं आणि आग वाढते. योनीच्या आत धुवायची गरज कधीच नसते. आतली आम्लता राखणारे जंतू आपलेच असतात, धुण्याने ते निघून जातात.

सगळ्यात वाईट म्हणजे मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं मलम. बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि तीव्र स्टिरॉइड असं तीन-चार औषधांचं मिश्रण एकाच ट्यूबमध्ये असतं. खोक्यावर "क्लोबेटासोल" लिहिलंय का पाहा. लावल्यावर दोन दिवसांत खाज थांबते, कारण स्टिरॉइड ती दाबतं. पण जांघेतला गजकर्ण त्याच्या आडोशाने पसरतो, कातडी पातळ होते, मलम बंद केलं की दुप्पट खाज येते. शिवाय गजकर्णाची ओळखीची गोल कडाही पुसून जाते, त्यामुळे डॉक्टरांनाही तो ओळखणं अवघड होतं.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट पाहा. आपल्याकडे आतले कपडे कोणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून टॉवेलखाली किंवा परकराखाली वाळत घालतात. ते वाळत नाहीत, दमटच राहतात, आणि तेच सकाळी अंगात जातात. चड्डी उन्हात, नाहीतर पंख्याखाली उघडी वाळवा. अगदीच जमत नसेल तर घालायच्या आधी इस्त्री फिरवा.

चौदा दिवस एवढंच करा: बाहेरून साधं पाणी, मऊ पंचाने टिपून कोरडं करणं, सुती सैल कपडे, रात्री शक्य असेल तर चड्डीशिवाय झोपणं. कातडी कोरडी पडून ओढत असेल तर साधी पेट्रोलियम जेली. केस कापायचे असतील तर कात्रीने, वस्तऱ्याने नको.

सावधान: डॉक्टरांनी तपासून एखादं औषध ठरावीक दिवसांसाठी दिलं असेल तर ते मनाने बंद करू नका. आणि त्रास खूप असेल तर चौदा दिवस पूर्ण होण्याची वाट पाहत बसू नका. मलम थांबवा आणि पुढच्या टप्प्यावर जा.

टप्पा 3: नेमकं कुठे, कधी, कसं

"खाली त्रास होतोय" किंवा "अंगावरून जातंय" एवढंच सांगितलं की डॉक्टरही अंदाजानेच औषध लिहितात. त्यापेक्षा दार लावून, उजेडात, हातात छोटा आरसा घेऊन एकदा नीट पाहा. पुष्कळ जणींनी हा भाग आयुष्यात कधी पाहिलेला नसतो. यात लाजण्यासारखं काही नाही.

जागा ओळखा: बाहेरचे केस असलेले ओठ, आतले पातळ ओठ, योनीचं दार, त्याच्या वर लघवीची जागा, खाली संडासच्या जागेपर्यंतचा पट्टा, आणि दोन्ही जांघा. त्रास कुठे आहे त्यावर बोट ठेवता आलं पाहिजे.

मग वहीत लिहा:

- खाज, आग की दुखणं? तिन्ही वेगळी आहेत. रात्री वाढणारी खाज बहुतेक वेळा कातडीकडे बोट दाखवते. स्पर्श झाला तरच होणारी आग दाराच्या नसांकडे किंवा स्नायूंकडे.
- पाळीच्या आधी वाढते, की पाळी संपल्यावर? पाळीच्या आधीच्या आठवड्यात बुरशीचा त्रास वाढलेला अनेकदा दिसतो. पाळीनंतर किंवा संबंधांनंतर येणारा माशासारखा वास योनीतल्या जिवाणूंचा समतोल बिघडल्याचं सुचवतो.
- लघवी बाहेर पडताना आत जळतं, की लघवी बाहेरच्या कातडीला लागली की जळतं? पहिलं लघवीच्या इन्फेक्शनचं लक्षण असू शकतं, दुसरं कातडीवरच्या चिरांचं.
- स्राव कसा आहे: दह्याच्या चोथ्यासारखा, पातळ करडा, हिरवट फेसाळ?
- गेल्या दोन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलं होतं का? गर्भनिरोधक गोळ्या सुरू आहेत का? बाळाला अंगावर पाजताय का? घरात मधुमेह आहे का?

तपासून घ्या: हे सगळं नॉर्मल आहे. पाळीच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा ताणला जाणारा स्राव. चड्डीवर वाळून पिवळसर दिसणारा डाग. आतल्या ओठांची एक बाजू मोठी असणं, रंग गडद असणं. ओठांवरचे बारीक पिवळसर ठिपके. आतल्या ओठांवर दोन्ही बाजूंना सारख्या रांगेत असलेले मऊ, बारीक, बोटांसारखे उंचवटे. या शेवटच्या उंचवट्यांना चामखिळी समजून कित्येक जणींना जाळण्याचे उपचार सुचवले गेले आहेत. ढोबळ फरक असा: या उंचवट्यांपैकी प्रत्येकाचं बूड वेगळं असतं आणि ते दोन्हीकडे सारखे असतात. चामखिळी वेड्यावाकड्या वाढतात आणि बुडाशी एकमेकींना जुळलेल्या असतात. शंका असेल तर कुठलाही उपचार करून घेण्याआधी त्वचारोग तज्ज्ञांना दाखवा.

फोड किंवा चिरा येऊन जात असतील तर असताना फोटो काढून ठेवा आणि तो फोनमध्ये कुलूपबंद करा. डॉक्टरांकडे जाईपर्यंत त्या गायब झालेल्या असतात.

टप्पा 4: कोणाकडे, कसं, काय बोलायचं

स्त्रीरोग तज्ज्ञ किंवा त्वचारोग तज्ज्ञ, दोन्ही चालतात. "त्वचा व गुप्तरोग तज्ज्ञ" अशी पाटी वाचून मुली मागे फिरतात, पण बाहेरच्या कातडीची खाज ओळखण्यात अनेकदा हेच डॉक्टर जास्त तयार असतात. सरकारी ठिकाणी जायचं असेल तर जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयात "सुरक्षा क्लिनिक" असतं. तिथे तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. फोनवर आधी विचारायचं असेल तर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची 1097 ही मोफत हेल्पलाइन आहे.

जाण्याआधीचे दोन दिवस: योनीत गोळी किंवा मलम नको, आत धुणं नको, संबंध नको. शक्यतो पाळी सुरू नसताना जा. केस काढून जाऊ नका, ताज्या वस्तऱ्याचे ओरखडे तपासणीत गोंधळ करतात. लावलेल्या सगळ्या ट्यूब, खोकी आणि जुने रिपोर्ट पिशवीत घालून न्या.

तपासणीच्या खोलीत पहिला प्रश्न असतो, "लग्न झालंय का?" डॉक्टरांना त्यातून शरीरसंबंध आले आहेत का, हे विचारायचं असतं. त्याच प्रश्नाचं उत्तर द्या: "लग्न नाही, पण संबंध आले आहेत," किंवा "लग्न झालंय, पण दुखत असल्यामुळे संबंध झालेले नाहीत." सोबत आई किंवा सासूबाई असतील तर "मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय" असं सांगा. तुम्ही सज्ञान आहात, डॉक्टरांशी झालेलं बोलणं तुमच्या परवानगीशिवाय घरी सांगता येत नाही.

संबंध कधीच आले नसतील तर तेही सांगा. अशा वेळी स्पेक्युलम (योनी उघडून आत पाहायचं साधन) घालायची सहसा गरज नसते. बाहेरून पाहून आणि बारीक काडीने स्रावाचा नमुना घेऊन काम होतं.

पुरुष डॉक्टर तपासत असतील तर खोलीत नर्स किंवा दुसरी स्त्री हजर असणं हा तुमचा हक्क आहे. दुखलं तर "थांबा" म्हणा, त्यांनी थांबलंच पाहिजे.

टप्पा 5: तपासणीत काय व्हायला हवं

नुसतं ऐकून गोळ्या लिहून दिल्या तर तपासणी झालीच नाही. पांढरं जाण्याच्या नुसत्या वर्णनावरून केलेला अंदाज पुष्कळ वेळा चुकतो. अनुभवी डॉक्टरांचाही चुकतो. काय होणं अपेक्षित आहे ते क्रमाने:

1. चांगल्या उजेडात बाहेरची कातडी पाहणं. चिरा, पांढरे चट्टे, लाल गोल कडा, फोड.
2. स्रावाची आम्लता पट्टीवर पाहणं. नॉर्मल साधारण 3.8 ते 4.5. बुरशीत ती सहसा नॉर्मलच राहते. 4.5 च्या वर गेली तर जिवाणूंचा समतोल बिघडल्याची किंवा ट्रायकोमोनासची (संबंधांतून पसरणारा परजीवी) शक्यता. पाळीचं रक्त आणि वीर्य यांनीही आकडा वर जातो, दोन दिवसांचा नियम त्यासाठीच.
3. काचपट्टीवर स्राव घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. दहा मिनिटांचं काम आहे आणि फार महत्त्वाचं.
4. लघवीची साधी तपासणी, रक्तातली साखर, गरज असेल तर गर्भ आहे का ते पाहणं.
5. संबंध आले असतील तर क्लॅमिडिया आणि गोनोरियाची जनुकीय चाचणी, शिवाय एचआयव्ही आणि सिफिलिस.
6. आग हीच मुख्य तक्रार असेल तर कापसाच्या ओल्या काडीने योनीच्या दाराभोवती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे हलकेच टेकवून पाहणं, नेमकं कुठे दुखतं ते.

ट्रायकोमोनास निघाला तर जोडीदारालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर तो परत परत येतो. बुरशीत जोडीदाराला उपचार सहसा लागत नाहीत. वर्षात तीन किंवा जास्त वेळा बुरशी "झाली" असेल तर पुढच्या वेळी औषध घेण्याआधी कल्चर (नमुन्यात काय वाढतं ते लॅबमध्ये पाहणं) करून मागा. काही जातींची बुरशी फ्लुकोनाझोलच्या नेहमीच्या 150 मिलिग्रॅमच्या गोळीला दाद देत नाही, आणि काही वेळा ती मुळात बुरशीच नसते.

नेहमीची चूक: स्रावाच्या कल्चरमध्ये ई. कोलाय किंवा एंटेरोकोकस "वाढले" आणि म्हणून अँटिबायोटिक सुरू झालं. हे जंतू निरोगी बाईतही सापडतात. मोठ्या पॅनेलमध्ये युरिआप्लाझमा सापडला तरी तेच. "हा जंतू माझ्या त्रासाचं कारण आहे असं तुम्हाला का वाटतं?" हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. प्रत्येक अनावश्यक अँटिबायोटिकनंतर बुरशी यायला मोकळी वाट मिळते.

टप्पा 6: सगळे रिपोर्ट नॉर्मल, पण त्रास आहे

बहुतेक जणी इथे येऊन थांबतात, किंवा त्यांना थांबवलं जातं. "मनाचं आहे," "लग्न झालं की बरं होईल," "एक मूल होऊ दे." ही वाक्यं ऐकून रडत बाहेर आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. इन्फेक्शन नाही एवढाच त्या रिपोर्टचा अर्थ. त्रास खरा आहे, आणि आता कातडी, नसा आणि स्नायू पाहायची वेळ आहे.

कातडी: पांढरट, चुरगळलेल्या कागदासारखा चट्टा आणि रात्रीची खाज असेल तर लायकेन स्क्लेरोसस असू शकतो. तो तरुण मुलींनाही होतो. त्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली तीव्र स्टिरॉइड मलमच लागतं, तेही दीर्घकाळ. मघाशी ज्या औषधाविषयी सावध केलं तेच इथे योग्य ठरतं, म्हणून निदान आधी. शंका असेल तर कातडीचा छोटा तुकडा तपासायला पाठवतात. खाजवून खाजवून जाड झालेली कातडी आणि सोरायसिस यांचाही विचार करावा लागतो.

नसा: तीन महिन्यांहून जास्त काळ दुखणं किंवा आग आहे आणि कुठलंही कारण सापडत नाही, याला व्हल्वोडायनिया म्हणतात. डॉक्टरांसमोर हा शब्द स्वतःहून उच्चारा. पुष्कळ वेळा त्या शब्दानेच संभाषणाची दिशा बदलते. यात एक प्रकार असा की एरवी काही नाही, पण टॅम्पॉन, मेन्स्ट्रुअल कप किंवा संबंधांच्या वेळी दाराशी सुरीसारखं लागतं. गर्भनिरोधक गोळ्या सुरू झाल्यावर हे आलं असेल तर तारखा दाखवा.

स्नायू: दुखण्याच्या भीतीने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू घट्ट आवळले जातात, आवळल्याने आणखी दुखतं. त्यासाठी शिकलेल्या फिजिओथेरपिस्ट आता पुण्या-मुंबईत आहेत. सावधान: इंटरनेटवर पाहून "केगल" (हे स्नायू आवळायचा व्यायाम) सुरू करू नका. आधीच आवळलेल्या स्नायूंना इथे सैल सोडायला शिकवायचं असतं.

या त्रासांना आठवडे नाही, महिने लागतात. दर दोन आठवड्यांनी डॉक्टर बदलू नका. एका डॉक्टरांना तीन महिने द्या, वहीत दर आठवड्याला शून्य ते दहा असा आकडा लिहा.

टप्पा 7: आता दुसरं पान, एचपीव्ही चाचणी मला लागते का?

पंचविशीच्या आत: नाही. खाज असो, चामखीळ असो, जोडीदार नवा असो, तरी नाही.

25 ते 29: काही देशांत पंचविशीपासून सुरुवात करतात. आपल्याकडे या वयात डॉक्टर पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) सुचवू शकतात. एचआयव्ही असलेल्या स्त्रीने मात्र 25 पासूनच एचपीव्ही तपासणी सुरू करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. प्रत्यारोपण झालं असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू असतील तर वेळापत्रक आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

30 नंतर: हो, त्रास नसला तरीही. इथे आपल्या मातीतला पुरावा आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयोगटासाठी दर पाच वर्षांनी तपासणी ठरवलेली आहे, पण ती मुख्यतः व्हिनेगरसारखं पातळ द्रावण लावून डोळ्यांनी पाहण्याची. "एचपीव्ही झाली" असं समजण्याआधी नेमकं काय केलं ते केसपेपरवर पाहा.

लस: पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक 9 ते 26 वयासाठी आहे. 15 च्या पुढे तीन डोस: पहिला, त्यानंतर दोन महिन्यांनी दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. लस घेण्याआधी एचपीव्ही चाचणी लागत नाही. संबंध आलेले असले तरी घेता येते, फक्त आधीच असलेला विषाणू ती घालवत नाही. गर्भारपणात मात्र पुढे ढकलतात. आणि लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी सुटत नाही.

टप्पा 8: चाचणीची तयारी आणि नमुना

लॅबला तीन प्रश्न विचारा. ही डीएनए किंवा आरएनए शोधणारी चाचणी आहे का? फक्त धोकादायक प्रकारच पाहता ना? 16 आणि 18 वेगळे सांगता का? रक्तातली एचपीव्ही अँटिबॉडी तपासून काही उपयोग नाही. 6 आणि 11 शोधण्यासाठी पैसे खर्च करू नका.

उपाशी राहायची गरज नाही. पाळी संपून काही दिवस झाले की जा. दोन दिवस आधी संबंध, योनीतली औषधं आणि टॅम्पॉन टाळा. टेबलावर झोपल्यावर स्पेक्युलम घालून गर्भाशयमुखावर मऊ ब्रश फिरवतात, मिनिटभरात होतं. त्याच बाटलीतल्या द्रवातून पॅप तपासणीही होऊ शकेल का, ते आधीच विचारून ठेवा.

स्वतः नमुना घ्यायची सोय असेल तर तीही विश्वासार्ह आहे. काडी हळूच आत सरकवून, किटवर लिहिलंय तितके सेकंद गोल फिरवायची, बाहेरच्या कशालाही न टेकवता थेट नळीत घालायची. तपासून घ्या: नळीवर नाव, वय आणि तारीख लिहिली का? रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर पुढच्या तपासणीसाठी डॉक्टरांकडे जावंच लागेल, कारण स्वतः घेतलेल्या नमुन्यातून पॅप होत नाही.

टप्पा 9: रिपोर्ट वाचणं

"नॉट डिटेक्टेड": पाच वर्षांनी पुन्हा. दरवर्षी करण्याने जास्त सुरक्षा मिळत नाही.

"इनव्हॅलिड": नमुना पुरेसा नव्हता. हा पॉझिटिव्ह नाही, परत द्या.

16 किंवा 18 "डिटेक्टेड": कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख पाहणं. डाग दिसला तर तपासायला छोटा तुकडा काढतात (बायोप्सी). हा कॅन्सरचा रिपोर्ट नाही, जवळून पाहायला हवं एवढंच.

इतर धोकादायक प्रकार "डिटेक्टेड": आधी पॅप. पॅपमध्ये बदल दिसले तर कॉल्पोस्कोपी, नसले तर एका वर्षाने परत चाचणी.

पंचविशीच्या आत कोणी चाचणी करूनच टाकली असेल आणि पॉझिटिव्ह आली असेल तर तो रिपोर्ट घेऊन एकदा स्त्रीरोग तज्ज्ञांना भेटा. लक्षणं नसतील आणि प्रतिकारशक्ती नेहमीसारखी असेल, तर फक्त त्या कागदावर जाळणं, गोठवणं, कापणं यांतलं काही करून घेऊ नका. दुसरं मत घ्या.

रिपोर्टवरचा "सीटी" आकडा (चाचणीत विषाणू किती फेऱ्यांनंतर दिसला ते) आजाराची पायरी सांगत नाही. विषाणू घालवणारी गोळी नाही, महागड्या "इम्युनिटी" कॅप्सूलनी तो जातो असा भरवसा ठेवू नका. सिगारेट ओढत असाल तर ती सोडा, तिने विषाणू टिकून राहायला मदत होते.

घरात सगळ्यात जास्त मोडतोड होते ती एका गैरसमजाने: "पॉझिटिव्ह म्हणजे नवऱ्याचं कुठेतरी आहे," किंवा "हिचं होतं." हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. तो कधी आणि कोणाकडून आला हे कुठलीच चाचणी सांगत नाही. पुरुषांसाठी अशी मान्यताप्राप्त चाचणीही नाही, त्यामुळे जोडीदाराला लॅबमध्ये पाठवून उपयोग नाही.

आणखी दोन शब्द आपल्या बायकांना फार घाबरवतात. "इन्फ्लमेटरी स्मिअर" म्हणजे सूज दिसली, कॅन्सर नाही. "पिशवीच्या तोंडाला जखम" म्हणून सांगतात ती तरुण वयात बहुतेक वेळा जखम नसतेच. गर्भाशयमुखाचं आतलं मऊ अस्तर बाहेर डोकावतं, म्हणून तो भाग लाल दिसतो. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत ते आणखी दिसतं. पांढरं जातंय, जखम आहे, कॅन्सर होईल, पिशवी काढून टाकू: या साखळीने कितीतरी तरुण बायकांची गर्भाशयं गेली. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. सावधान: पांढरं जाण्यासाठी किंवा नुसत्या एचपीव्ही पॉझिटिव्ह रिपोर्टसाठी कोणी पिशवी काढायला सांगितलं तर सही करू नका. पॅप किंवा बायोप्सीचा लेखी रिपोर्ट मागा आणि तो घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, शक्यतो जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात.

टप्पा 10: वर्षानंतरची तारीख

एका वर्षाने परत बोलावलेल्या पुष्कळ जणी येत नाहीत. लग्न होतं, गाव बदलतं, फाइल माहेरी राहते. रिपोर्ट हातात पडला त्याच दिवशी फोनमध्ये पुढची तारीख लावा आणि सोबत तीन गोष्टी लिहा: चाचणीचं नाव, लॅब, कुठला प्रकार सापडला. शक्य असेल तर पुढच्या वेळी तीच चाचणी करा, म्हणजे तुलना करता येते. रिपोर्टचा फोटो स्वतःला ईमेल करा. मूळ कागद कॉल्पोस्कोपीच्या वेळी मागतात, तो लॅमिनेट न करता प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. दरम्यान पुन्हा खाज आली, तर ती पहिल्या पानावरची गोष्ट आहे. टप्पा 2 पासून सुरू करा.